जोडीनं फिरताना सेवाही करायची आहे? या चुका टाळा

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो, निवृत्तीनंतरची पहिली निवांत सहल असो, नाहीतर नव्या संसारातली पहिली मोठी सुट्टी. हल्ली पुष्कळ जोडप्यांच्या बोलण्यात एक वाक्य येतंच. 'नुसतं हिंडण्यापेक्षा दोन-चार दिवस कुठंतरी कामही करू या.' विचार चांगलाच आहे, गाडं अडतं ते पुढं. तिकिटं काढून होतात, हॉटेलं ठरतात आणि मग मधल्या रिकाम्या दोन दिवसांत बसेल असं 'काहीतरी सामाजिक' शोधायला सुरुवात होते. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच या उलट्या क्रमातून येतात. आधी काम आणि त्याच्या तारखा ठरवाव्यात, मग मागेपुढे फिरणं जुळवावं.

ताडोबा झालं, आता हेमलकसा

विदर्भाच्या सहलीत हा बेत हमखास ऐकू येतो. ताडोबाची सफारी, मग आनंदवन आणि मग 'दोन दिवस हेमलकशाला सेवा'. बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवलेला हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प गडचिरोलीच्या पार टोकाला, भामरागड तालुक्यात आहे. नागपूरहून निघालात तर जवळजवळ अख्खा दिवस रस्त्यात जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. प्रकल्पाच्या दवाखान्यात येणारे बरेच रुग्ण माडिया ही आदिवासी भाषा बोलतात, त्यामुळे तिथं आपली मराठीही अपुरी पडते. अशा ठिकाणी दोन दिवसांत, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसानं नेमकं काय करायचं? होतं असं की एक कार्यकर्ता स्वतःचं काम सोडून तुम्हाला काम शोधून देण्यात अडकतो.

यावर उपाय साधा आहे: पाहुणे म्हणून जा. आधी कळवा, प्रकल्प बघा, ऐका, जेवणाखाण्याचे पैसे चोख द्या, जमेल ती देणगी द्या. यात काही कमीपणा नाही. काम करण्याचीच हौस असेल तर ज्या कामाच्या तारखा संस्थेनंच ठरवलेल्या असतात तिथं जावं. मूल तालुक्यातल्या सोमनाथला दर मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते, ती याचं उत्तम उदाहरण. तिथं घमेली, फावडी, वेळापत्रक सगळं तयार असतं. फक्त चंद्रपूरचा मे महिना म्हणजे काय हे आधी समजून घ्या. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि श्रमदान पहाटे सुरू होतं.

संस्थेशी बोलणं झालं, एकमेकांशी राहिलं

ही चूक खास जोडप्यांची, आणि माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी. एकाला मनापासून जायचं असतं, दुसऱ्याला फक्त नाही म्हणता येत नाही. मग तिसऱ्या दिवशी, कार्यकर्त्यांच्या देखत, 'तुलाच हौस होती' सुरू होतं. दोघांची कुरबूर घरात खपून जाते. वीस माणसांच्या पंगतीत मात्र ती सगळ्यांच्या ताटात पडते.

निघण्यापूर्वी दोघांनी बसून बोलायच्या गोष्टी तशा साध्याच असतात, पण त्या बोलल्या जात नाहीत. निवासी शिबिरांत अनेकदा बायकांची आणि पुरुषांची झोपायची सोय वेगळी असते. लग्नाचा वाढदिवस साजरा करायला निघालेल्यांना हे तिथं पोचल्यावर कळणं बरं नव्हे. संडास भारतीय बैठकीचा असेल आणि एकाचे गुडघे बोलत असतील तर ते आधी विचारावं. मधुमेहाच्या गोळ्या आणि जेवणाची वेळ जुळते का? मोबाइलला रेंज नसली तर दोघांतलं कोण जास्त अस्वस्थ होईल? आणि एकाला मध्येच थांबावंसं वाटलं तर दुसऱ्यानं काम चालू ठेवायचं की दोघांनी निघायचं, हेही घरीच ठरलेलं बरं.

अर्ज वेगवेगळा भरा. 'आम्ही दोघं, काहीही काम चालेल' या वाक्याचा संस्थेला काडीचा उपयोग नसतो. दोन माणसं, दोन वयं, दोन प्रकारची कौशल्यं आणि दोन तब्येती असं लिहा. एक बारीक गोष्ट: अडचणीच्या वेळी संपर्क करायचा क्रमांक म्हणून नवरा बायकोचा देतो आणि बायको नवऱ्याचा. दोघंही त्याच डोंगरावर, तेव्हा उपयोग शून्य. घरी असलेल्या तिसऱ्या माणसाचा क्रमांक लिहा.

आणि ते स्वयंपाकघराचं. जोडपं आलं की त्याला शेताच्या बांधावर आणि तिला पोळ्या लाटायला पाठवण्याची सवय शहरात आहे तशीच संस्थांतही आहे. ती तीस वर्षं हिशेब तपासत आली असेल, संस्थेची जमाखर्चाची वही कुणीतरी नीट लावून देण्याची वाट बघत पडली असेल, तरी हातात लाटणंच येतं. तिला पोळ्या आवडत असतील तर प्रश्नच नाही, पण विचारलं गेलं पाहिजे. हे तिनंच सांगायचं असंही नाही. 'ही हिशेब चांगले करते, भाजी मी चिरतो' असं नवऱ्यानं म्हटलं तर काम लवकर होतं. एकाच कामावर दोघांनी राहण्याचा हट्टही सोडा. दिवसभर वेगळं काम केलं तर संध्याकाळी बोलायला काहीतरी उरतं.

गडावर उत्साह, बुरुजाला भोक

जुलै २०२५मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. शनिवार-रविवार जोडीनं गडावर जायचं आणि 'संवर्धन' करून यायचं हा प्रकार त्याच्या आधीपासूनच होता. कचरा वेचत असाल तर खुशाल वेचा, फक्त तो गडाखाली आणा. गडावरच पेटवू नका. त्यापुढं मात्र जपून.

तटबंदीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर दिसला की उपटावासा वाटतोच. पण मुळं चिऱ्यांच्या सांध्यांत खोलवर गेलेली असतात, जोर लावून ओढलं की झाडाबरोबर दगडही सुटतात. जाणकार माणसं ते रोप कापतात, ओढत नाहीत; मुळांचं काय करायचं ते तज्ज्ञ ठरवतात. दुसरी हौस सिमेंटची. जुनं बांधकाम चुन्यातलं असेल तर त्यातून ओल आतबाहेर होऊ शकते. वरून सिमेंट थापलं की ती वाट बंद होते, पाणी आत कोंडतं आणि शेजारचा दगडच झिजायला लागतो. तिसरी हौस टाक्यातला गाळ उपसायची. त्या गाळात खापरं, नाणी, तोफगोळे सापडू शकतात, आणि कुठल्या थरात काय होतं ही माहिती वस्तूइतकीच मोलाची असते. फावड्यानं ती एका दुपारीत नाहीशी होते.

संरक्षित स्मारकांसाठी केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे. त्यामुळे गड कुणाच्या अखत्यारीत आहे आणि मोहिमेला पुरातत्त्व विभागाची परवानगी आहे का, हे आयोजकांना विचारा. बरेच गट परवानगी घेऊन नेटकं काम करतात, त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही. राग आला तर त्या मोहिमेला जाऊ नका.

गडाच्याच वाटेवरची आणखी एक गोष्ट म्हणजे बीजगोळे. पहिल्या पावसात दोघांनी मिळून ते फेकतानाचे फोटो सुंदर येतात. गोळ्यात कशाचं बी आहे ते मात्र कुणी बघत नाही. गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प आणि सुबाभूळ मध्य अमेरिकेकडची. आणि कासच्या पठारासारख्या सड्यावर तर देशी झाडाचंही बी टाकू नये. तिथं मातीचा थर पातळ, दगड उघडा. तिथली संपत्ती गवत आणि पावसाळी फुलं हीच आहे. ओसाड दिसतं म्हणून झाडं लावायची गरज नसते. झाडांसाठीच काही करायचं असेल तर वणव्यांच्या मोसमाआधी वनखात्याला जाळरेषा (वणवा पुढं सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढायला माणसं हवी असतात का, ते विचारा. फोटो चांगले येत नाहीत, काम मात्र खरं असतं.

जिथं हात न लावणं हीच मदत

मंडणगड तालुक्यातलं वेळास. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकारानं इथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली जातात आणि पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येतात. 'आम्हाला एक पिल्लू हातात घेऊन सोडू द्या' ही विनंती करू नका. मोबाइलचा टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेनं सरकतात आणि किनाऱ्यावरचा उजेड त्यांची वाट चुकवतो. गावातल्या घरात उतरा, तिथंच जेवा, पैसे द्या. कासवामुळे गावात चार पैसे येतात म्हणून अंडी जपण्यात गावाला रस राहतो. जोडप्याचा एक रात्रीचा मुक्काम या साखळीत बसतो. पिल्लं त्या दिवशी निघालीच नाहीत तर हुज्जत घालू नका, बाणकोटचा किल्ला बघून या.

मुलांच्या संस्थेत 'प्रेम द्यायला' जाणं

इथं जरा कडक बोलतो. मूल नसलेली, किंवा मुलं परदेशी गेलेली जोडपी अनाथाश्रमाकडे ओढली जातात, हे समजण्यासारखं आहे. पण तीन दिवस जीव लावून चौथ्या दिवशी निघून जाणारी माणसं त्या मुलांच्या आयुष्यात आधीच पुष्कळ झालेली असतात. नेपाळ आणि कंबोडियात तर याचा धंदा झाला. पर्यटकांच्या देणग्यांसाठी संस्था निघाल्या, आणि तिथल्या कितीतरी मुलांचे आईवडील हयात असल्याचं उघड झालं. ऑस्ट्रेलियानं २०१८च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्तानं अशा संस्थांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली. पोखरा-काठमांडूच्या सहलीत कुणी 'एक दिवस अनाथाश्रम' असं पॅकेज देऊ केलं तर सरळ नको म्हणा.

आपल्याकडे बाल न्याय कायदा २०१५चं कलम ७४ लक्षात ठेवा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, फोटो, शाळा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाढदिवसाचा केक भरवतानाचा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस लावण्यापूर्वी हे आठवावं. संस्थेनं तुमची ओळखपत्रं मागितली, मुलांबरोबर एकटं सोडलं नाही, फोटोला मनाई केली, तर अपमान मानू नका. संस्था चांगली असल्याची ती खूण आहे. न विचारता थेट मुलांच्या खोलीत नेणारी संस्था मात्र टाळा.

गाडीची डिकी भरून जुने कपडे

नको. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग पडले होते. पुरानंतर आपल्याकडेही तेच होतं. ढीग निवडायला माणसं लागतात आणि तीच नेमकी कमी असतात. काय हवं ते फोनवर विचारा. उत्तर 'काही नको' आलं तर काहीच नेऊ नका.

पैसे, पावती आणि पासपोर्ट

देणगी रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर देणगीवरची आयकर वजावट (जिला ८०जी म्हणतात) मिळत नाही. वस्तूंवर तर मुळीच नाही. नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. म्हणून दोघांपैकी जुन्या प्रणालीत कोण आहे ते बघा, त्याच्याच खात्यातून पैसे द्या आणि पावती त्याच्याच नावे, पॅन घालून घ्या. मागाहून नाव बदलून मागण्यात संस्थेचा वेळ जातो.

जोडीतल्या एकाचा पासपोर्ट परदेशी असेल तर गुंता वाढतो. भारतीय पासपोर्ट ठेवून परदेशात राहणाऱ्यानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही. पण नागरिकत्व बदललेलं असेल, अगदी भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते. ती घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. म्हणजे एकाच घरातून नवऱ्याचे पैसे चालतील आणि बायकोचे चालणार नाहीत, असं होऊ शकतं. पैसे पाठवल्यावर नव्हे, आधी विचारा. अडचणीत संस्था येते, तुम्ही नाही.

व्हिसाचंही तसंच. बिनपगारी आहे म्हणजे काम नव्हे, हा समज सोडा. लंडनला मुलीकडे गेलेल्या आईवडिलांना ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, त्याहून जास्त नाही. परदेशी जोडीदार भारताच्या ई-टुरिस्ट व्हिसावर आला असेल तर एक महिन्यापर्यंत, कुठलाही मोबदला न घेता, अल्पकाळाची स्वयंसेवा चालते. बाकी देशांचे नियम तिकीट काढण्यापूर्वी वाचा.

तिथं गेल्यावर बिनसलं तर

पोचलात आणि कामच नाही असं दिसलं, तर समन्वयकाला एकदाच, मोकळेपणानं विचारा. गोदाम झाडणं, पुस्तकांना क्रमांक घालणं, जुने फॉर्म संगणकावर चढवणं असली कामं सगळीकडे पडलेली असतात; ती नको असतील तर स्वतःहून नवा उपक्रम काढू नका. काम झेपत नसेल तर झेपत नाही म्हणा. उन्हात चक्कर येईपर्यंत ओढलेल्या माणसामागे आणखी दोन माणसं अडकतात. हिशेबात किंवा मुलांना मिळणाऱ्या वागणुकीत काही खटकलं तर तिथं वाद घालू नका, तारीख-वेळ लिहून ठेवा. मुलांबाबत गंभीर शंका असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. दोघांचं आपसात बिनसलं तर एक दिवस वेगवेगळ्या कामावर जा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

आणि ठरल्यापेक्षा आधी निघायचं असेल तर आदल्या रात्रीच, समोर जाऊन सांगा. सकाळच्या नाश्त्याचा अंदाज रात्रीच काढलेला असतो, आणि घमेल्यांच्या साखळीत कोण कुठं उभं राहणार तेही.