ल्यूकोथियाची कथा श्रोत्यांसमोर कशी सांगावी

ल्यूकोथिया ही ग्रीक पुराणकथांतील एक दुय्यम समुद्रदेवता आहे. तिची कथा ठाण्यातील एखाद्या वाचनालयात, शाळेत किंवा सोसायटीच्या सभागृहात सांगायची असेल, तर सर्वप्रथम आरंभ कोठून करावा हे ठरवावे लागते. वंशावळीपासून सुरुवात करू नये. अमक्या राजाची कन्या, तमक्याची राणी अशा ओळखी ऐकता ऐकता श्रोत्याचे लक्ष उडते आणि ज्या प्रसंगामुळे ही देवता आजही स्मरणात आहे, तो येईपर्यंत तो कंटाळलेला असतो. तो प्रसंग प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या पाचव्या सर्गात आहे. कथा तेथूनच उचलावी.

ट्रॉयच्या युद्धानंतर घरी परतू पाहणारा, कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावरून स्वतः बांधलेल्या तराफ्यावर निघालेला वीर ओडिसियस १७ दिवस समुद्र कापतो, १८व्या दिवशी त्याला फिएशियन लोकांच्या भूमीचे डोंगर दिसू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी परतीच्या वाटेवर असलेला समुद्रदेव पोसायडन त्याला पाहून वादळ उठवतो. डोलकाठी मोडते आणि कॅलिप्सोने दिलेली वस्त्रे भिजून जड झाल्याने तो पाण्याखाली ओढला जातो. कसाबसा तो पुन्हा तराफ्यावर चढतो, तेव्हा ल्यूकोथिया पाणपक्ष्यासारखी लाटांतून वर येऊन तराफ्यावर बसते. अंगावरची वस्त्रे टाकून दे, तराफा सोड, माझी ही ओढणी छातीखाली बांध आणि पोहत जा, असे ती त्याला सांगते. किनाऱ्याला हात लागताच ओढणी सोडून समुद्रात दूर फेकायची आणि फेकताना तोंड फिरवायचे, एवढी एकच अट ती घालते.

येथे घाई करू नये. ओडिसियस तिच्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. हाही कोणा देवाचा नवा डाव असेल, अशी त्याला शंका येते आणि फळ्या एकमेकींना धरून आहेत तोवर तराफा सोडायचा नाही, असे तो ठरवतो. पुढची लाट तराफा विस्कटून टाकते, तेव्हा घोड्यावर मांड ठोकावी तसा एका फळीवर बसून तो वस्त्रे उतरवतो आणि ओढणी बांधतो. घोडेस्वाराची ही उपमा होमरची आहे, ती गाळू नये. त्यानंतर दोन रात्री आणि दोन दिवस तो पाण्यात असतो. खडकांवर त्याच्या हातांची सालटी निघतात, आणि अखेर एका नदीच्या मुखातून तो किनाऱ्याला लागतो. सांगितल्याप्रमाणे तो ओढणी पाण्यात सोडतो आणि देवता ती पुन्हा आपल्या हाती घेते.

ल्यूकोथिया वादळ थांबवत नाही, ही गोष्ट श्रोत्यांना स्पष्टपणे सांगावी. वादळ उठवणारा पोसायडन आहे आणि वारे आवरणारी ओडिसियसची पाठीराखी देवी अथीना. या दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये ल्यूकोथियाकडे फक्त एक वस्त्र आहे, आणि तेही उसने देण्यापुरते. माझ्या मते तिचे खरे महत्त्व यातच आहे : बुडणाऱ्याला पोहावे तर लागतेच, ती त्याला बुडू देत नाही.

यानंतर श्रोते स्वतःच विचारतात, की ही कोण? होमर तिला पूर्वी मानवी वाणीने बोलणारी, कॅडमसची कन्या इनो म्हणतो. येथे निवेदकाची खरी कसोटी लागते, कारण इनोचे पूर्वायुष्य निर्मळ नाही. अथामस राजाची पत्नी या नात्याने तिने फ्रिक्सस आणि हेली या सावत्र मुलांचा काटा काढण्यासाठी पेरणीचे बी गुपचूप भाजवून घेतले. पीक उगवले नाही, तेव्हा देववाणीचा खोटा निरोप आणवून फ्रिक्ससचा बळी मागितला गेला. सोनेरी लोकरीच्या मेंढ्याने त्या दोघांना उचलून नेले, परंतु वाटेत हेली समुद्रात पडली. ती सामुद्रधुनी ग्रीकांनी तिच्या नावाने ओळखली. आज ती दार्दानेल्स म्हणून परिचित आहे. पुढे बहीण सेमिलीला देवराज झ्यूसपासून झालेला, आईविना पोरका मुलगा डायोनायसस इनोने सांभाळला, म्हणून झ्यूसची पत्नी हेरा कोपली, अथामसला वेड लागले आणि त्याने लिआर्कस या आपल्याच मुलाला ठार केले. दुसऱ्या मुलाला, मेलिसर्टीसला, कवटाळून इनोने कड्यावरून समुद्रात उडी घेतली. ती ल्यूकोथिया झाली आणि तो पॅलेमॉन. कॉरिंथजवळचे इस्थमियन क्रीडासामने त्याच्याच स्मरणार्थ सुरू झाले, असे ग्रीक मानत.

बी भाजणारी इनो वगळून केवळ वात्सल्यमूर्ती उभी करू नये. एकाच स्त्रीने सावत्र मुलांचा जीव घेऊ पाहिला आणि परक्या बुडत्या माणसाला जीवदान दिले; या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तरच कथेला वजन येते. कथेचे पाठही एकमेकांत मिसळू नयेत. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘मिडिया’ नाटकात इनोनेच वेडाच्या भरात मुलांना मारल्याचे म्हटले आहे. एक पाठ निवडावा आणि दुसराही प्रचलित होता, एवढे सांगावे. रामकथेचे अनेक पाठ ऐकलेल्या श्रोत्यांना ते अवघड जात नाही.

वेळ उरला तर पूजाविधींकडे वळावे. पॉसॅनियस हा दुसऱ्या शतकातील प्रवासी लाकोनियातील ‘इनोचे पाणी’ नावाच्या एका लहान, खोल तळ्याविषयी सांगतो : सणाच्या दिवशी त्यात जवाच्या रोट्या टाकत, पाण्याने त्या पोटात घेतल्या तर शुभ, वर ढकलल्या तर अशुभ. रोममध्ये ११ जूनला मातेर मातुता या नावाने तिच्यासाठी सण होत असे आणि स्त्रिया त्या दिवशी बहिणीच्या मुलांसाठी प्रार्थना करीत. डायोनायससला सांभाळणाऱ्या मावशीला हे शोभणारे आहे.

चेंदणी कोळीवाड्यातील श्रोते समोर असतील, तर नारळी पौर्णिमेची आठवण ते स्वतःच काढतील आणि ती त्यांना मनमोकळेपणाने बोलू द्यावी. मात्र ल्यूकोथिया म्हणजे ग्रीकांची एकवीरा, असे समीकरण निवेदकाने मांडू नये. एकवीरा ही कोळ्यांची कुलदेवता, डोंगरावर वसलेली आणि आजही नवसाला पावणारी. ल्यूकोथियाची उपासना केव्हाच लोप पावली. खाडीला वाहिलेला नारळ माणसाकडून जातो, ओढणी मात्र देवतेकडून येते आणि तिलाच परत करायची असते, हा भेद दाखवणे अधिक उपयोगाचे ठरते.

लहान मुलांना तराफा आणि ओढणी यांपुढे नेऊ नये. लिआर्कसचा मृत्यू मोठ्या मुलांपुढेही थोडक्याच शब्दांत सांगावा, आणि त्यानंतर प्रश्नांसाठी वेळ अवश्य ठेवावा, कारण ‘ती वाईट होती की चांगली?’ हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तर मुलांनी आपसांत वाद घालून शोधणे योग्य असते.