मागाचा पिक काउंटर, आधी पडद्यावर

माझा पहिला अर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम घालून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, दहा मिनिटांत जळाला. बारा व्होल्टच्या अडॅप्टरची वायर मीच ५ व्होल्टच्या पिनला लावली होती. वास सुटला तशी बायको आतून ओरडली, "मागाचा पट्टा जळाला काय हो?"

बेळगावात वडगावला मी यंत्रमागांचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आहे. धोट्याची एक फेक म्हणजे एक पिक, आणि मजुरीचा हिशेब शेवटी पिकांवरच येतो. मागावरचा काटेवाला काउंटर झिजला होता, म्हणून म्हटलं आपणच एक करू. बोर्ड जळाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, दुसरा घेऊ नका इतक्यात. सिम्युलेटरवर करा की आधी." बोर्ड, बटण, दिवा, वायरी सगळं पडद्यावर असतं आणि कोड मात्र खराच लिहायचा. नाक मुरडलं मी. आता जो शिकायला येतो त्याला मीच तिथं बसवतो.

पहिली संध्याकाळ टिंकरकॅड या सिम्युलेटरला द्या. खातं उघडावं लागतं, पैसे पडत नाहीत. ठोकळे जोडून प्रोग्राम करता येतो आणि शेजारी त्याचाच लिहिलेला कोड दिसतो. तिथं एलईडी मुद्दाम रेझिस्टरशिवाय जोडा. करंट जास्त होतोय असा इशारा येतो. मग २२० ओहम घाला, इशारा जातो. एवढं झालं की तिथलं काम संपलं.

दुसऱ्या संध्याकाळी वोक्वी, हा दुसरा सिम्युलेटर. ब्राउझरमध्येच उघडतं, खात्याशिवायही चालतं, पण काम सेव्ह करायचं तर लॉगिन हवं. मोबाईलवर वायरी ओढताना बोट चुकतं, कॉम्प्युटर घ्या. अर्डुइनो उनो या बोर्डाचा नवा प्रोजेक्ट उघडा, अधिकच्या चिन्हावरून पुशबटण आणा. बटणाला चार पाय असतात, त्यातले एकाच नंबरचे डावे-उजवे आतून जोडलेलेच असतात. नवशिके हमखास तेच दोन धरतात आणि मग बटण कायम दाबल्यासारखं वागतं. १ नंबरचा एक पाय पिन २ ला द्या, २ नंबरचा ग्राउंडला. पिन 'इनपुट पुलअप' करा (नावं इथं उच्चारानं लिहितोय, टाईप इंग्रजीतच करायची). आता बटण सुटं असताना 'हाय', दाबलं की 'लो'. हायचं लो झालं की मोजणी एकनं वाढवायची आणि आकडा सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डानं पाठवलेला मजकूर दिसतो त्या चौकटीत, छापायचा.

चालू करा, बटण एकदाच दाबा. आकडा कधी दोननं वाढेल, कधी चारनं. कोड बरोबर आहे. खऱ्या बटणाची पत्री टेकताना थरथरते, ती थरथर वोक्वीनं मुद्दाम घातलेली आहे. ती बंद करायची सोय आहे, पण करू नका, कारण मागावर ती बंद होणार नाही. त्याऐवजी 'मिलिस' (बोर्ड चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगतं) वापरून पिनच्या मागच्या हाय-लो बदलानंतर ५० मिलिसेकंद तरी गेले का ते बघा, नसतील गेले तर मोजू नका. मिनिटाला १२० पिकांचा माग म्हणजे एका पिकाला ५०० मिलिसेकंद. ५० गाळले तरी काही बुडत नाही.

आता शेजारी एक दिवा लुकलुकवा आणि त्यासाठी 'डिले' १०००, म्हणजे एक सेकंद थांब, वापरा. भराभर बटण दाबा. पिक गळायला लागतील, कारण डिले चालू असताना बोर्ड दुसरं काही बघतच नाही. शेडमध्ये हे सापडायला मला दोन दिवस लागले असते.

यापेक्षा वाईट चूक मी आकड्याच्या प्रकारात केली होती. 'इंट' घेतला होता. उनोवर इंट ३२,७६७ पर्यंतच जातो, पुढच्या पिकाला उणे ३२,७६८. तासाला ७,२०० पिक, म्हणजे सकाळी माग लावला तर साडेचार तासांनी, ऐन जेवणाच्या वेळेला, काउंटर उणे दाखवणार! हे बघायला साडेचार तास बसायची गरज नाही. मोजणी ३२,७६० पासून सुरू करा आणि दहा वेळा बटण दाबा. मग 'अनसाइन्ड लाँग' करा, ४२९ कोटींपर्यंत चिंता नाही. सिम्युलेटरचा खरा फायदा मला इथं कळला.

आता जे पडद्यावर दिसत नाही ते. वोक्वीत रेझिस्टर नसला तरी एलईडी सुखानं पेटतो, म्हणून तर आधी टिंकरकॅड. वीज गेली तरी आकडा राहावा म्हणून तुम्ही ईईप्रॉममध्ये लिहाल. उनोच्या चिपमध्ये त्या जागेची हमी एक लाख वेळा लिहिण्याची आहे. प्रत्येक पिकाला एकाच जागी लिहिलं तर चौदा तासांत ती हमी संपली. पडद्यावरचं ईईप्रॉम कधी झिजत नाही, त्यामुळं हे हिशेबानंच कळतं. मी दर ५०० पिकांनी लिहितो. मोटर चालू होतानाचा झटका, लांब वायरीत शिरणारा गोंधळ, सगळीकडं बसणारा सुताचा कचरा, यातलं काहीच तिथं नाही.

नेट सारखं जात असेल तर सिम्युलआयडीई हा सिम्युलेटर उतरवून घ्या, ते नेटशिवाय चालतं.

सगळं जमलं की मग बोर्ड विकत घ्या. बटणाच्या जागी रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा) येईल आणि शाफ्टवर लोहचुंबक. चुंबक क्रँक शाफ्टवर बसवा, त्याची एक फेरी म्हणजे एक पिक. बॉटम शाफ्टवर बसवलात तर दोन पिकांना एकच मोजलं जाईल आणि विणकर तुमच्या दारात उभा राहील.