फ्लॅटमालक गेल्यावर मेंटेनन्स कुणी, कसा भरायचा

माणूस गेलं तरी सोसायटीचं बिल त्याच्याच नावाने येत राहतं. "आधी फ्लॅट नावावर होऊ दे, मग भरू," असं मुंबईत अनेक घरांत ठरतं आणि तेच महागात पडतं. वारसांचं जुळायला वर्षं जातात, व्याज मात्र थांबत नाही. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार, थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं. महिन्याचं ५,००० रुपयांचं बिल वर्षभर साचलं, तर नुसतं व्याजच पावणेसहा हजारांच्या घरात जातं.

म्हणून मृत्यूचा दाखला हाती आला की त्याच्या भरपूर प्रती काढा आणि एक प्रत जोडून सेक्रेटरींना पत्र द्या. निधनाची तारीख, यापुढे बिल कोण भरणार, त्याचा फोन नंबर आणि आजवरचा खातेउतारा मिळावा ही विनंती, एवढंच त्यात पुरे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सही-शिक्क्यासकट. कमिट्या बदलतात आणि तोंडी सांगितलेलं नव्या सेक्रेटरींना कुणी सांगत नाही.

पैसे कुठून जाणार हे लगेच बघा. बँकेला कळवल्यावर गेलेल्या मालकाच्या एकट्याच्या नावचं खातं गोठतं, खात्यातून आपोआप बिल जाणं बंद पडतं, त्यांनी सही करून ठेवलेले चेकही वटत नाहीत. त्यांचं एटीएम कार्ड वापरून बिल भरायचा मोह टाळा. पुढे भावंडांत हिशेब निघाला की तेच काढतात. स्वतःच्या खात्यातून भरा. पावती मयत सभासदाच्या नावाने असली तरी "हस्ते" म्हणून तुमचं नाव लिहून घ्या आणि सगळ्या पावत्या एका फायलीत लावा. भरणारा त्यामुळे मालक होत नाही, न भरणाऱ्याचा हिस्साही जात नाही. पण वाटणीच्या वेळी हा खर्च मागायला कागद लागतो.

बिलाच्या ओळीही नीट वाचा. सेवाशुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखंच असतं, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, तेही फ्लॅट भाड्याने दिला असेल तर. घर नुसतं कुलूपबंद आहे म्हणून ते लावलं असेल, तर लेखी हरकत घ्या, बाकीची रक्कम भरून टाका.

नाव बदलायचं काम याच्या बरोबरीनेच सुरू करा. नॉमिनेशन असेल तर नॉमिनीने सहा महिन्यांच्या आत सभासदत्वाचा अर्ज करायचा असतो. नॉमिनी मालक होत नाही, वारसांच्या वतीने सांभाळतो. हे घरात आधीच बोलून घेतलेलं बरं. नॉमिनेशन नसेल तर सोसायटी वर्तमानपत्रांत नोटीस देऊन हरकती मागवते, वारसांकडून हमीपत्र घेते. वारसाकडून हस्तांतरणाचं प्रीमियम (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती जादा रक्कम) घेता येत नाही. ५०० रुपये हस्तांतरण फी आणि १०० रुपये प्रवेश फी, बस्स. "बिल्डिंग फंडाला काहीतरी द्या" असा आग्रह झाला तर मागणी लेखी मागा. बहुधा कागद येतच नाही.

शेवटी शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीतल्या शेअर्सचा दाखला, मागवा आणि मागच्या बाजूला नवं नाव, तारीख, सह्या आल्यात का ते बघा. वीजबिल आणि महापालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीतलं नाव सोसायटी बदलत नाही, त्यासाठी वेगळे अर्ज लागतात.