धरलेलं हातात, तेही अलगद: लर्चर, कारवान आणि मुंबईतला सराव

इंग्लंडमध्ये रात्री टॉर्चच्या झोतात ससे धरणाऱ्या लर्चरचा कस धावण्यात लागतोच, पण खरा कस लागतो तो परतीच्या वाटेवर. लर्चर म्हणजे ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारख्या नजरेवर धावणाऱ्या कुत्र्याचा कोली, टेरियर वगैरेंशी केलेला संकर. असा कुत्रा ससा घेऊन आला आणि मालकापासून चार पावलांवर टाकून उभा राहिला, तर ससा जिवंत असल्यास बिळात पसार होतो. हातात दिला, तर माणूस त्याची मान एका झटक्यात मोडतो, जनावराचे हाल थांबतात आणि कुत्रा पुढच्या धावेला मोकळा होतो. तोंड जड असेल, म्हणजे जबडा आवळून धरायची सवय असेल, तर फासळ्या चिरडतात, पाठीच्या आणि खांद्याच्या मांसात रक्त साकळतं, आतडं फुटलं तर सगळंच फेकावं लागतं.

टेरियरचं रक्त जास्त असलेले कुत्रे पाळणारे म्हणतात की कुत्र्यानेच ससा पटकन मारला तर बिघडलं काय? पटकन मारला तर फारसं बिघडत नाही. पण चावायची सवय लागलेला कुत्रा तिथे थांबत नाही, येताना वाटभर चावत येतो. म्हणून हलकं तोंड आणि हातात देणं या दोन्हींपैकी एकच शिकवायला वेळ असेल, तर आधी हातात द्यायला शिकवा. जन्मजात जड तोंडाचे कुत्रे असतात, पण बहुतेकांचा जबडा आवळतो तो ‘आता हे माझ्याकडून हिसकावणार’ या धास्तीने. ती धास्ती गेली की तोंड निम्मं आपोआप हलकं होतं.

आता आपल्याकडचं. इंग्लंड-वेल्समध्ये 2004च्या शिकारबंदी कायद्यातून परवानगी असलेल्या जमिनीवरचे रॅबिट वगळलेले आहेत, हेअर नाही. मराठीत दोघांनाही ससाच म्हणतात, त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून गोंधळ होतो. आपल्या माळावरचा ससा हा हेअर आहे आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची शिकार गुन्हा आहे. सरावासाठी बाजारातून पाळीव ससा आणून कुत्र्यापुढे सोडणं हीसुद्धा सरळ क्रूरताच, आणि 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसणारा गुन्हा. म्हणजे मुंबईत कारवान, मुधोळ या आपल्याकडच्या नजरेवर धावणाऱ्या जाती किंवा त्यांचा संकर पाळणाऱ्याचं सगळं शिक्षण डमीवर, म्हणजे सशाऐवजी फेकायच्या कापडी बोळ्यावर. हे शिक्षण वाया मात्र जात नाही. जानेवारीत मांजाने जखमी झालेलं कबूतर कुत्र्याने उचललं, तर हलक्या तोंडाच्या कुत्र्याकडून ते जिवंत हातात येतं आणि परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत पोचू शकतं. रस्त्यावर उचललेलं कोंबडीचं हाडही न पळता हातात मिळतं.

सुरुवात डमीने होत नाही, चपलेने होते. तीन महिन्यांचं पिल्लू चप्पल तोंडात धरून ऐटीत येतं. घरातलं कुणीतरी ‘अरे, सोड!’ म्हणून ओरडतं, मागे धावतं, जबडा उघडून चप्पल ओढून काढतं. पिल्लाच्या लेखी धडा पक्का: माणसाजवळ नेलं की वस्तू जाते, म्हणून लांब राहा आणि घट्ट धरा. आठवड्यात पाच वेळा हे झालं की पुढे सहा महिने निस्तरत बसावं लागतं. चपला कपाटात ठेवा. तरीही पिल्लू काही उचलून आलंच, तर खाली बसा, कौतुक करा, छाती खाजवा, दुसऱ्या हाताने नाकापाशी उकडलेल्या चिकनचा तुकडा धरा. वस्तू धोक्याची नसेल तर अदलाबदल झाल्यावर ती त्याला परत द्या. हे ‘परत देणं’ लोक विसरतात आणि सगळी मेख तिथेच आहे.

जागा अरुंद हवी. चाळीची गॅलरी यासाठी उत्तम: एका टोकाला तुम्ही, दुसरं टोक बंद, कुत्र्याला परत यायला वाट एकच, तीही तुमच्यावरून. फ्लॅटमध्ये पॅसेजची दारं लावून घ्या. गुळगुळीत लादीवर रबरी तळाची चटई किंवा जुनी सतरंजी पसरा, नाहीतर उंच पायाचं कुत्रं घसरतं आणि पुन्हा धावायलाच बिचकतं. पिल्लाची गादी तुमच्या बाजूला ठेवा, कारण मिळालेला माल गादीवर न्यायची त्याची उपजत ओढ असते.

पहिली डमी म्हणजे सुती मोज्यात दुसरा मोजा कोंबून केलेला बोळा, साधारण शंभर ग्रॅम. दोन-तीन मीटरवर फेका, पिल्लाला लगेच जाऊ द्या. ते येईल तेव्हा समोर उभं राहून हात पुढे करू नका. जमिनीवर बाजूला वळून बसा, जवळ आलं की एक हात छातीखाली, दुसरा मानेवर, आणि डमीला हातच लावू नका. दहा-पंधरा सेकंद ते तोंडात धरून उभं राहू दे. मग हनुवटीखाली तळवा ठेवून एकदाच शांतपणे ‘दे’ म्हणा आणि खाऊ दाखवा. बोळा तळव्यात पडला की खाऊ, आणि तीनपैकी एकदा तोच बोळा पुन्हा फेका. खाऊ आधी दिसला तर कुत्रं लांबूनच बोळा टाकून धावत येतं. तसं होऊ लागलं तर खाऊ पाठीमागच्या खिशात ठेवा आणि ‘दे’ म्हणेपर्यंत बाहेर काढू नका.

एका वेळी तीन ते चार फेकी, दिवसातून दोनदा. लॅब्राडोर पन्नास वेळा आणेल. नजरेवर धावणारी जात पाचव्या फेकीला तुमच्याकडे ‘तूच आण’ अशा नजरेने बघते. ती वेळ यायच्या आधीच थांबायचं.

साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात दात बदलतात. हिरड्या दुखत असताना डमी धरायला लावलं की पिल्लू ती चघळतं किंवा टाकून देतं, आणि दोन्ही सवयी टिकतात. त्या काळात फेकणं बंद, फक्त अदलाबदलीचा खेळ चालू. सुळे पूर्ण आले की पुन्हा सुरुवात.

आता खरी डमी. दुकानातली कॅनव्हासची अर्ध्या किलोची चालते, पण घरी केलेली अधिक कामाची, कारण सशाचं वजन जसं लोंबतं तसं तिचं लोंबवता येतं. जीन्सच्या पायाचा पस्तीस सेंटिमीटरचा तुकडा घ्या. दोन्ही टोकांना तांदळाची पुरचुंडी, मधे कापसाचा किंवा चिंध्यांचा नरम भाग, टोकं सुतळीने आवळून वरून दुहेरी टाका. आठव्या महिन्यात एकूण पाव किलो, दहाव्यात अर्धा, वर्ष उलटल्यावर हळूहळू सव्वा ते दीड किलो, म्हणजे इंग्लंडातल्या रानसशाएवढी. वजन टोकांना असल्याने कुत्र्याला मधेच धरावं लागतं. टोकाला धरलं तर डमी पायांवर आपटते, हेलकावे खाते आणि तोल सांभाळायला जबडा आवळला जातो. बऱ्याचशा जड तोंडाचं मूळ या चुकीच्या पकडीत असतं. कुत्र्याने टोक उचललेलं दिसलं की ओरडू नका. पुढची फेक जवळ करा आणि डमी आडवी पडेल अशी टाका. पावसाळ्यात तांदूळ ओला होऊन कुबट वास येतो, तेव्हा त्याऐवजी धुतलेली बारीक वाळू प्लॅस्टिकच्या पिशवीत दुहेरी बांधून भरा.

तोंड किती हलकं आहे ते पाहायला किचन टॉवेलच्या आतली पुठ्ठ्याची नळी मोज्यात घालून आणायला लावा. गोल राहिली तर उत्तम. दोन्ही बाजूंना सुळ्यांचे उथळ खड्डे पडले तरी चालेल. मधे चपटी झाली असेल तर दाढांनी दाबलंय, म्हणजे वजन वाढवायची घाई झाली. मागच्या डमीवर दोन आठवडे परत जा.

काही गोष्टी कडक टाळा. रस्सीखेच नको. पिळल्यावर ‘चूं’ करणारी खेळणी नकोत, कारण दाबलं की आवाज येतो आणि कुत्रं दाबतच राहतं. दोन कुत्र्यांसाठी एक डमी कधीच नको, स्पर्धेत दोघंही आवळतात. कान पिळून किंवा पंजा दाबून तोंड उघडायला लावण्याची जुनी पद्धत अजून काही ट्रेनर वापरतात. नजरेवर धावणारा कुत्रा अशा माणसापासून दोन हात लांब राहायलाच शिकतो.

गॅलरीतलं काम सलग दोन आठवडे न चुकता झालं की मोकळी जागा. दहा मीटरची हलकी दोरी हार्नेसला, गळपट्ट्याला नाही, कारण पूर्ण वेगात दोरी संपली तर मानेला झटका बसतो. किनाऱ्यावर जाणार असाल तर ओहोटीची वेळ बघा, ओली घट्ट वाळू पायाला बरी. मात्र डमी ओली होऊन वाळू चिकटली की कुत्रं ती थुंकत थुंकत आणतं आणि मालकाला वाटतं तोंड बिघडलं. बादलीभर पाण्यात डमी खळबळून घ्या. आरे, येऊर किंवा बोरिवलीच्या जंगलकडेला पहाटे किंवा सांजवेळी कुत्रं सोडू नका, तिथे बिबट्या असतो. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर तर पूर्ण वेगाची धाव कुठल्याच वेळी नको, नखं आणि तळवे सोलतात. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर हीटमध्ये सात वाजायच्या आत आटपा. दमट हवेत धापा टाकूनही अंग लवकर निवत नाही, आणि धापा टाकणाऱ्या तोंडाला डमी हलकेच धरवत नाही.

मोकळ्या जागेत कुत्रं डमी घेऊन तुमच्या बाजूने सुसाट निघून जाईल. मागे धावू नका, त्याला तेच हवंय. पाठ फिरवा, उलट दिशेला चार पावलं पळा आणि उकिडवे बसा. दोरीवर पाय ठेवला तरी चालेल, पण ओढून आणू नका.

शेवटी हलती डमी, कारण पाठलागात रक्त तापतं आणि पकड दुप्पट होते. गोणपाटाचा तुकडा बांबूला बांधलेल्या दोरीवर फिरवा. पहिल्या आठवड्यात तो थांबल्यावरच कुत्रं सोडा. मग थांबायच्या क्षणी, मग हळू चालत असताना. धरल्याबरोबर दोरी सैल करा, जराही ताण दिला की कुत्रं झटके मारायला लागतं. वर्षाच्या आतल्या कुत्र्याला तीव्र वळणं देऊ नका, हाडांची वाढ चालू असते.

मुंबईत एक शब्द जास्तीचा शिकवावा लागतो: ‘टाक’. कंपाउंडमध्ये कुत्र्याच्या तोंडी बहुधा येते ती घूस, आणि ती अलगद, जिवंत, हातात नको. इंग्लंडातही ससा हातात आणणाऱ्या कुत्र्याकडून उंदीर जागीच संपवण्याचीच अपेक्षा असते, कारण उंदीर चावतो. ‘दे’ म्हणजे तळव्यात, ‘टाक’ म्हणजे आहेस तिथे सोड आणि माझ्याकडे ये. ‘टाक’ शिकवताना खाऊ तुमच्या हातातून न देता कुत्र्याच्या मागे फेका, म्हणजे वस्तू सोडून ते वळतं आणि दोन शब्दांची गल्लत होत नाही. आधी ‘दे’ पक्का होऊ द्या, महिनाभराने ‘टाक’. घूस धरलीच तर हातमोज्याशिवाय हात लावू नका, कुत्र्याचे ओठ आणि हिरड्या चावा लागलाय का ते बघा, आणि जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. लेप्टोची (उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस दरवर्षी द्यावी लागते, ती पावसाळ्याआधी झालेली असू द्या.