पिलाटीस केलं तरी कंबर दुखते? या चुका टाळा

पिलाटीस म्हणजे पोट-कंबरेचे स्नायू ताब्यात ठेवून करायचा व्यायाम. फोंड्यात माझ्या पिलाटीसच्या वर्गाला येणारे निम्मे लोक हेच सांगतात: "व्हिडिओ बघून पिलाटीस केलं, कंबर जास्तच धरली." मी त्यांना चटईवर उताणं झोपवते आणि म्हणते, "करून दाखवा."

बहुतेक जण 'हंड्रेड'च करून दाखवतात. उताणं पडून डोकं आणि पाय उचलून धरायचे, पाच अंकांत श्वास घ्यायचा, पाच अंकांत सोडायचा, अशी दहा आवर्तनं, म्हणून शंभर. पोटाचे खोल स्नायू तयार नसताना दोन्ही पाय लांब करून खाली आणले की ताण थेट कंबरेवर येतो.

पेडण्याहून रोज पणजीला स्कूटरने जाणारा एक तरुण चवथीच्या तीन आठवडे आधी आला. गणपतीच्या वर टांगायची फळा-भाज्यांची माटोळी बांधायची होती, तोवर कंबर बरी हवी होती. घरी उठल्या उठल्या हंड्रेड आणि झटक्याने रोल-अप, म्हणजे उताणं पडून पाठ गुंडाळत उठून पुढे वाकणं, चालू होते. तिसऱ्या दिवशी त्याला अंथरुणातून उठता येईना. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. तेव्हा लगेच पुढे वाकणं त्यांना सोसत नाही. उठल्यावर निदान तासभर मी कुणालाच वाकू देत नाही.

त्याला मी एकच गोष्ट दिली. गुडघे वाकवून पावलं चटईवर, तळहात कंबरेखालच्या पोकळीत. आता एक पाय उचला. हात मोकळा पडला तर कंबर उचलली गेली, हात चिरडला तर कंबर दाबली गेली. दोन्ही वेळा थांबायचं. पंधरा दिवस एवढंच. तो कंटाळला, कुरकुरला, पण मी पुढचं शिकवलं नाही. जोसेफ पिलाटीस आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हणत. ताबा नसेल तर ती नुसती हातापायांची हालचाल.

बाकीच्या चुका थोडक्यात. श्वास कोंडू नका, जोर लावताना सोडा. पोट खच्चून आत ओढू नका, बेंबीखाली हलकं आवळलं की पुरे. गादीवर करू नका. चकती सरकल्याचं निदान असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय रोल-अप नको.

पाय बधिर होत असेल, त्यातली ताकद जात असेल, तर व्यायाम बंद करून डॉक्टर गाठा. लघवीवरचा ताबा सुटला किंवा जांघांमध्ये बधिरपणा आला, तर त्याच क्षणी इस्पितळात जा.

आणि चटईवरून उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, मग हाताने रेटून उठा.