साखर विरघळते तेव्हा नेमका कुठला बंध तुटतो?

माझी दहावी नागपुरातच, मराठी माध्यमातून झाली. अकरावी सायन्सला गेले आणि पहिल्याच चाचणीत प्रश्न आला: साखर पाण्यात का विरघळते? मी लिहिलं, साखर आयनिक (म्हणजे विद्युतभारित कणांची, आयनांची बनलेली) आहे म्हणून. तीनपैकी शून्य गुण. दहावीच्या क्लासच्या नोट्समध्ये एक तक्ता होता, 'आयनिक संयुगे पाण्यात विद्राव्य, सहसंयुज संयुगे अविद्राव्य' (सहसंयुज म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेली), आणि तो मला तोंडपाठ होता. त्या तक्त्यात 'बहुतेक वेळा' हे शब्द नव्हते. साखर विरघळते हे तर रोजच दिसत होतं, मग ती आयनिकच असणार, असा माझा हिशेब. गुण गेल्यापेक्षा, चुकलं कुठे हेच कळेना याचा त्रास जास्त झाला.

आता नागपुरातल्याच महाल भागात घरी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "ताई, साखरेत सोडियमबिडियम काहीच नाही, मंग ते विरघळते काहून?" ज्याला हा प्रश्न पडतो त्याची गाडी पुढे नीट चालते, असा माझा अनुभव आहे.

सगळा घोळ 'बंध' या एका शब्दाचा आहे. साखरेच्या एका रेणूत 45 अणू असतात: 12 कार्बन, 22 हायड्रोजन, 11 ऑक्सिजन. ते आपसात सहसंयुज बंधांनी पक्के बांधलेले असतात. साखर चहात टाकल्यावर यातला एकही बंध तुटत नाही. रेणू अख्खेच्या अख्खे राहतात, फक्त शेजारच्या रेणूपासून सुटे होतात. तुटतं ते रेणू-रेणूंमधलं आकर्षण. पाणी उकळतानाही तेच होतं, वाफ म्हणजे पाण्याचेच रेणू. पाण्याच्या रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे कणांचा एक ठरावीक मोठा गठ्ठा) सुमारे 463 किलोज्यूल लागतात, तर दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध साधारण 20 किलोज्यूलमध्ये सुटतो. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. 'बंध तुटला' असं वाक्य पुस्तकात आलं की थांबून विचारायचं: आतला की बाहेरचा?

आपल्या भाषेचाही यात एक खोडा आहे. घरात आपण 'बर्फ विरघळला' असं सर्रास म्हणतो. बर्फ वितळतो, साखर विरघळते. वितळायला दुसरा पदार्थ लागत नाही, विरघळायला द्रावक, म्हणजे ज्यात विरघळायचं तो पदार्थ, लागतोच. मेल्टिंग आणि डिझॉल्व्हिंग यांत गोंधळणारी मुलं बहुतेक वेळा मराठीतच आधी गोंधळलेली असतात.

आता ध्रुवीयता, म्हणजे एका टोकाला थोडा ऋण आणि दुसऱ्याला थोडा धन प्रभार असणं. विद्युतऋणतेचे (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायच्या अणूच्या ताकदीचे) पाच-सहा आकडे पाठ करावेत, त्याला इलाज नाही: फ्लोरिन 3.98, ऑक्सिजन 3.44, क्लोरिन 3.16, नायट्रोजन 3.04, कार्बन 2.55, हायड्रोजन 2.20. दोन अणूंमधला फरक 1.7 च्या वर गेला की बंध आयनिक, असा नियम शिकवतात. तो अंदाजापुरता आहे. हायड्रोजन आणि फ्लोरिनमधला फरक 1.78 भरतो, तरी हायड्रोजन फ्लोराइड सहसंयुज रेणूच आहे आणि साधारण 20 अंश सेल्सिअसला उकळतो. मीठ उकळवायला 1400 अंशांच्या वर जावं लागतं.

पण बंध ध्रुवीय म्हणजे रेणू ध्रुवीय, असं नाही. मधे आकार येतो, आणि मुलं नेमका तोच सोडून पुढे पळतात. मी कणकेच्या गोळ्या आणि खराट्याच्या काड्या घेऊन बसवते. कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेत: दोन ऑक्सिजन दोन्हीकडून सारख्याच जोराने ओढतात, रस्सीखेच बरोबरीत सुटते, द्विध्रुव (म्हणजे एका बाजूला उरलेली एकूण ओढ) शून्य. पाणी 104.5 अंशांत वाकलेलं, म्हणून ओढ एका बाजूला उरते. कागदावर काढलेला कार्बन टेट्राक्लोराइड बघून काही कळत नाही. चार काड्या हातात धरून फिरवल्या की दिसतं, कुठूनही बघा, सारखाच. अमोनियाचा द्विध्रुव 1.47 डिबाय (द्विध्रुव मोजायचं एकक) आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा जेमतेम 0.2 च्या आसपास, हा परीक्षेतला ठरलेला प्रश्न. फ्लोरिन जास्त ओढतो, मग कमी का? कारण नायट्रोजनवरच्या एकाकी (बंधात न गुंतलेल्या) इलेक्ट्रॉन जोडीची ओढ अमोनियात बंधांच्या बाजूने असते, तर दुसऱ्यात त्यांच्या उलट. काडीवर बाण काढा, लगेच दिसतं.

हे झाल्यावरच विद्राव्यतेला हात घाला. ती देवाणघेवाण आहे. मिठाचं स्फटिक जालक, म्हणजे आयनांची घट्ट रचना, फोडायला मोलमागे सुमारे 787 किलोज्यूल लागतात. पाण्याचे रेणू सोडियम आणि क्लोराइड आयनांना वेढतात तेव्हा त्यातले जवळजवळ सगळे परत मिळतात, फक्त 4 किलोज्यूल कमी पडतात. तेवढा तोटा आयन सुटे होऊन पसरण्यात भरून निघतो, म्हणून एका लिटर पाण्यात 350 ग्रॅमच्या वर मीठ मावतं. सिल्व्हर क्लोराइडमध्ये तोटा मोठा, तो भरून निघत नाही. एका लिटरमध्ये जेमतेम 2 मिलीग्रॅम विरघळतं. आमच्या बोअरच्या पाण्याचा गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर हेही मुख्यतः आयनिकच संयुग, कॅल्शियम कार्बोनेट. वर्षभर पाण्यात राहून जात नाही. लिंबाने निघतो ती रासायनिक अभिक्रिया आहे, विरघळणं नव्हे. आणि साखर? तिच्या रेणूवर आठ ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट आहेत. शेजारची साखर सोडून पाण्याशी हायड्रोजन बंध जोडणं तिला परवडतं, एवढंच.

ज्या पदार्थाला यातलं काही जमत नाही, तो कसा वागतो हे बघायला नागपूरसारखं गाव नाही. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की मी प्रत्येकाला एक साल आणि थर्माकोलचा एक तुकडा देते. साल पिळली की बारीक फवारा उडतो. तो पाण्याच्या वाटीवर पडला तर वर तवंग दिसतो, मिसळत नाही. थर्माकोलवर पडला की थोड्या वेळात खळगे पडतात. या तेलात मुख्यतः लिमोनिन असतं, सी10एच16, नुसता कार्बन आणि हायड्रोजन. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन, तेही नुसतं कार्बन-हायड्रोजनचं. मागच्या वर्षी एका मुलीने खळग्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "ताई, हे जळलं नाही, हे तर चिकट झालं." अगदी बरोबर. साखळ्या तशाच आहेत, तेलात सुट्या झाल्यात. आतला बंध शाबूत, बाहेरचं आकर्षण गेलं. साखरेचीच गोष्ट, द्रावक तेवढा वेगळा.

दोन बारकावे इथेच लक्षात ठेवा. तेल पाण्यावर तरंगतं ते घनतेमुळे, अध्रुवीय आहे म्हणून नाही. कार्बन टेट्राक्लोराइडही अध्रुवीय आहे, पण पाण्याखाली जाऊन बसतो. दुसरं, ओएच गट दिसला की 'विद्राव्य' लिहून मोकळं होऊ नका. इथेनॉल पाण्यात कितीही मिसळतं, 1-ब्युटेनॉल 100 ग्रॅम पाण्यात 7-8 ग्रॅमच, कारण कार्बनची शेपटी लांबत जाते. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनलाही एक ओएच गट आहे, तरी सावजी रस्सा खाऊन जीभ पोळली की पाण्याने आग हटत नाही, दुधाने हटते. तर्रीचा लाल रंग तेलातच का उतरतो, तेही यातूनच सोडवून बघा.

संत्र्याच्या सालीचा प्रयोग घरी करताना फवारा डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि मेणबत्ती किंवा गॅस जवळ नको. ते तेल लगेच पेट घेतं.