भाकरी दोनच, पण केवढी? अडलेलं वजन हलवताना

साताऱ्यात माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगाला टेप लावतेय, स्वतःच्या कमरेला लावायची वेळ सत्तेचाळिसाव्या वर्षी आली. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७८ किलो. खाणं आवरलं, रोज सकाळी अजिंक्यतारा किल्ल्याची चढण 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चढायला लागले आणि पाच महिन्यांत ६९.५ वर आले. मग काटा जो बसला, तो सात आठवडे हललाच नाही.

मी काय केलं? रात्रीची भाकरी बंद केली आणि बारा दिवस उपाशीपोटी जिऱ्याचं पाणी प्यायले. बाराव्या दिवशी रात्री साडेदहाला ओट्याशी उभ्या उभ्या शेंगदाण्याच्या लाडवांचा अर्धा डबा संपवला. म्हणून आधीच सांगते, वजन अडलं की लगेच ताटातलं काढायला जाऊ नका. ते खरंच अडलंय का, हे बघा.

वजन रोज सकाळी करायचं. पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, एकाच फरशीवर. सतरंजीवर ठेवलेला काटा थापा मारतो. सात दिवसांचे आकडे कॅलेंडरवर लिहा, बेरीज करा, सातने भागा. माझा एक आठवडा असा होता: ६९.८, ६९.२, ७०.१, ६९.४, ६९.०, ६९.६, ६९.३. सरासरी ६९.५. तो ७०.१ आला त्याच्या आदल्या दिवशी मी पापड-लोणच्यासकट लग्नाचं जेवण जेवले होते. मिठाने अंगात पाणी धरलं होतं, एका रात्रीत कुणाची ९०० ग्रॅम चरबी वाढत नाही. पाळीच्या आधीही असंच अंग जड होतं. म्हणून पाळी चालू असेल तर या महिन्यातला पाळीनंतरचा आठवडा गेल्या महिन्यातल्या पाळीनंतरच्या आठवड्याशी ताडून बघायचा.

दुसरा साक्षीदार म्हणजे टेप. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, टेप न आवळता. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या बायका माप देताना पोट आत ओढतात आणि मग ब्लाउज घट्ट झाला म्हणून मलाच बोलतात. स्वतःचं माप घेताना तरी ओढू नका. माझ्या सात आठवड्यांपैकी पहिल्या तीन आठवड्यांत कंबर अर्ध्या इंचाने उतरली होती, म्हणजे गाडी चालूच होती. पुढचे चार आठवडे मात्र सरासरीही तीच आणि टेपही तिथेच. अडकणं म्हणायचं ते हे. चार आठवडे भरल्याशिवाय कशालाच हात लावू नका.

आता असं का होतं ते. माझी लेक फिजिओथेरपी शिकते. तिने मिफ्लिन-सेंट जिओर नावाच्या सूत्राने हिशेब मांडला. ७८ किलोची मी नुसती पडून राहिले असते तरी दिवसाला साधारण १३६५ कॅलरी जळल्या असत्या, ६९.५ किलोच्या माझ्या १२८०. वर चढताना साडेआठ किलोचं गाठोडं मी खाली ठेवून आलेली, म्हणजे त्याच चढणीला इंधनही कमी लागणार. त्यात कमी खायची सवय झालेलं शरीर आणखी थोडं हात राखून खर्च करतं. पहिल्या महिन्यात जी कात्री चांगली चालली, ती सहाव्या महिन्यात बोथट होते ती अशी.

पण माझ्या बाबतीत मोठी चोरी स्वयंपाकघरातच सापडली. लेकीने मला एक जुना अभ्यास वाचून दाखवला. १९९२ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी "आम्ही इतकं कमी खातो तरी उतरत नाही" म्हणणाऱ्या माणसांचं खाणं नीट मोजलं. त्या माणसांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. खोटारडी नव्हती ती, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी चिडले, "मी का खोटं बोलते?" मग तीन-चारशे रुपयांचा छोटा डिजिटल काटा आणला आणि आठ दिवस काही न बदलता फक्त मोजलं.

भाकरीपासून सुरुवात केली. सुरुवातीला मी पीठ मोजून घ्यायचे, एका भाकरीला ४० ग्रॅम. पुढे हात बसला म्हणून मोजणं सोडलं. आता मोजलं तर गोळ्यात ६५ ग्रॅम पीठ! भाकरी दोनच होत्या, त्यांनी अंग धरलं होतं. दोन भाकऱ्यांत मिळून ५० ग्रॅम पीठ जास्त, म्हणजे सुमारे पावणेदोनशे कॅलरी, आणि मी मात्र मैत्रिणींना सांगत होते की दोनच खाते.

मग कूट. आमच्याकडे कुटाशिवाय भाजी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. माझी एक मूठ ३५ ग्रॅम भरली, म्हणजे २०० कॅलरीच्या आसपास. सकाळच्या भाजीत एक, संध्याकाळच्या उसळीत एक, आणि टाकताना चिमूटभर तोंडात. कूट बंद करू नका, ते अंगालाही चांगलं आहे. मी फक्त मुठीऐवजी चहाचा चमचा धरला, तिघांच्या भाजीला तीन चमचे.

तेलाला मात्र चमचा मोजत बसायचा कंटाळा येतो. त्यापेक्षा पिशवी फोडली की तिच्यावर पेनने तारीख टाका. एक लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल असतं. आमच्या तिघांत ती आठ दिवसांत संपत होती, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम, साधारण ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. आता ती पंधरा दिवस पुरते. त्यासाठी पळी बाटलीजवळून उचलली, तिथे चमचा ठेवला, आणि शिळ्या भाकरीचा कुस्करा तेलात परतायच्या ऐवजी ताकात कालवायला लागले. नवऱ्याने चार दिवस तोंड वाकडं केलं, आता विचारतही नाही.

उरलं चहा आणि उपवास. दुकानात गिऱ्हाईक आलं की चहा होतो आणि तिच्याबरोबर मीही घेते. चार कप, दोन-दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या साखरेच्या १६० कॅलरी. दोन कप ठेवले, एक-एक चमचा साखरेचे. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी खाऊन "आज उपवास होता" असं वहीत लिहिणाऱ्या बाईबद्दल मी काही बोलत नाही, ती मीच.

यातलं सगळं एकदम कापू नका. रोज दोनशे ते अडीचशे कॅलरी निघाल्या तरी भरपूर. बाराशेच्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही. गेलं तर काय होतं ते लाडवांच्या डब्याला विचारा.

दुसरी चोरी खुर्चीवर बसून झाली. गेल्या वर्षी मी शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली. आधी दिवसभर पाय पायटावर चालायचे, आता नुसता अंगठा दाबायचा. मदतीला मुलगी ठेवली, ती उठून बटणं, अस्तर, दोऱ्याची रिळं आणून देते. सकाळी चढण चढले या आनंदात उरलेला दिवस मी बसून काढत होते. फोनमध्ये पावलं बघितली. सुरुवातीच्या महिन्यांत नऊ हजार, अडकल्यावर सहा हजार, त्यातली पाच हजार सकाळचीच. कमी खाल्लं की माणूस नकळत हलायचं टाळतो, आणि ते आपल्याला व्यायाम केला म्हणून दिसतच नाही. मग इस्त्रीचं टेबल पलीकडच्या भिंतीला नेलं. एक ब्लाउज झाला की उठून इस्त्री, उभ्यानेच. कापणंही उभ्याने. तयार कपडे गल्लीतल्या गल्लीत मीच पोचवते. महिन्याभरात पावलं पुन्हा नऊ हजारांवर गेली, वेगळा वेळ न काढता.

चढण वाढवू नका, माझं ऐका. मी रोज दीड तास चढायचा प्रयत्न केला, गुडघ्याने पाचव्या दिवशी नोटीस दिली. त्याऐवजी आठवड्यात दोन दिवस ताकदीचे केले: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात टेकून दंड, पाच लिटरचा पाण्याचा कॅन वाकून कमरेपर्यंत ओढणं, पायरीवर चढ-उतार. प्रत्येकी दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या. सोपं वाटलं की कॅन दोन घ्यायचे. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ते यातून आणि पोटभर प्रथिनांतून वाचतात. माझं प्रथिनांचं गणित: दोन अंडी १२ ग्रॅम, कोरडे २५ ग्रॅम सोयाबीनचे वडे भिजवून भाजीत १३, मूठभर मटकीची उसळ ९, दोन वाट्या दही ७, बाकी भाकरी-डाळीतून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि हो, हा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या दहा दिवसांत माझं वजन ६०० ग्रॅम वाढलं. दुखऱ्या स्नायूंत पाणी भरतं. काटा कपाटावर टाकावा असं वाटलं, लेकीने टाकू दिला नाही.

एवढं करूनही महिनाभर काही हललं नाही तर थायरॉइड तपासून घ्या, आणि चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मनाच्या आजारावरच्या काही औषधांनी वजन धरतं. आपल्या मनाने औषध सोडायचं नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील तर खाणं कमी करण्याआधीच विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते.

मधे दिवाळी आली. बारा दिवस मी वजन उतरवायचा नाद सोडला, फक्त वाढू द्यायचं नाही एवढंच धरलं. जेवण पूर्ण, फराळ एका बशीत काढून, डब्यातून नाही. चालणं मात्र चालू ठेवलं. ७०० ग्रॅम वर गेले, आठवड्यात ते उतरले. अशा सुट्टीने शरीराची भट्टी पेटते वगैरे लोक सांगतात, मला त्याचं काही पडलेलं नाही. डोकं शांत झालं आणि रात्री साडेदहाची ओट्याची फेरी थांबली, तेवढं मला पुरलं.

नवव्या आठवड्यापासून सरासरी खाली यायला लागली, आठवड्याला २०० ते ३०० ग्रॅम. आज ६६.८ आहे, कंबर दोन इंच कमी. परवा माझेच तीन जुने ब्लाउज उसवून बाजूच्या शिलाईत आत घेतले. आतली जादा कापडाची पट्टी मी अजून कापलेली नाही.